पंपावरचे नाव

(द्वितीय वर्ष कला)

आमच्या विहिरीवर एक जुना डिझेल पंप आहे. मुरबाड तालुक्यातल्या आमच्या गावात विहिरीपर्यंत विजेचे खांब आले नव्हते, त्या काळात आजोबांनी तो कुणाकडून तरी वापरलेलाच विकत घेतला. त्याच्या बिडाच्या अंगावर ठळक इंग्रजी अक्षरे उठवलेली आहेत. लहानपणी आबा पंप चालू करायला निघाले की मी त्यांच्या पाठोपाठ जाई आणि त्या अक्षरांवरून बोट फिरवीत बसे. घरात इंग्रजी कुणालाच येत नव्हते. शाळेत इंग्रजी मुळाक्षरे पुरी झाली त्या दिवशी मी धावत विहिरीवर गेलो आणि एकेक अक्षर जुळवून मोठ्याने वाचले : किर्लोस्कर. मी आपणहून वाचलेला हा पहिला इंग्रजी शब्द. तो इंग्रजी नसून एक मराठी आडनाव आहे, हे मला पुष्कळ उशिरा समजले. गावातल्या कित्येकांना तर ती विलायती कंपनीच वाटे.

गेल्या वर्षी आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात चरित्रांच्या कपाटापुढे उभा होतो, तेव्हा तेच नाव एका पुस्तकाच्या पाठीवर दिसले. ओळखीचे माणूस परक्या गावात भेटावे तसे वाटले. पुस्तक घरी नेले आणि कल्याण-मुरबाड रस्त्यावर एस. टी.च्या गर्दीत, कधी उभ्याने तर कधी बसून, आठवडाभरात वाचून काढले. पुढे आणखीही मिळेल ते वाचले. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे चरित्र येथे सांगायला बसलो आहे, त्याला मात्र एक घरगुती कारण आहे. ते आधी सांगतो.

माझा थोरला भाऊ आय. टी. आय. झाला आहे. डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीत तो ठेकेदारामार्फत कामाला जातो. पहाटे निघतो, रात्री परततो. त्याच्या मनात गेली दोन वर्षे एकच गोष्ट घोळते आहे. गावातच पंप, मोटारी आणि मळणीयंत्रे दुरुस्त करण्याचे छोटे वर्कशॉप काढायचे. आमच्या भागात उन्हाळ्यात भेंडी करतात. ऐन तोडणीच्या दिवसांत मोटर जळली तर ती उचलून टेम्पोत घालून कल्याणला न्यावी लागते आणि ती परत येईपर्यंत वेलभाजी, भेंडी डोळ्यांदेखत सुकते. तेव्हा गिऱ्हाईक आहे, कसब आहे. नाही ते बाकीचे सगळे. थ्री फेजचा पुरवठा गावठाणापर्यंत नाही. त्यासाठी केलेला अर्ज एका कचेरीत आठ महिने पडून आहे. पावसाळ्यात शेवटचा दीड मैल रस्ता म्हणजे चिखल. कर्ज मागायला जावे तर तारण काय, हा प्रश्न.

आमच्या ओटीवर संध्याकाळी या विषयावर वाद होतात. आबा आणि त्यांच्या पिढीचे लोक म्हणतात की जिथे सोयी नाहीत तिथे धंदा काढणे म्हणजे खडकावर भात लावणे. गावात अधूनमधून भाषणाला येणारे पाहुणे मात्र सांगतात की जिद्द असली की सोयी आपोआप येतात. दादा कधी एका बाजूला झुकतो, कधी दुसऱ्या. या दोन्ही म्हणण्यांना लक्ष्मणरावांचे आयुष्य लावून पाहावे, असे माझ्या मनात आले.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेतल्या पाठांतरात या मुलाचे मन रमेना. त्याचा ओढा होता दोन गोष्टींकडे, चित्रे काढण्याकडे आणि यंत्रे न्याहाळण्याकडे. वडिलांना हे दोन्ही नाद पसंत नव्हते. पण थोरले बंधू रामूअण्णा पाठीशी उभे राहिले आणि १८८५ साली लक्ष्मणराव मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षांनी ध्यानात आले की त्यांच्या डोळ्यांना काही रंगांतला भेद नीट उमगत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा घाव कोणता? त्यांनी रंग बाजूला ठेवले आणि ज्यात रंग लागत नाहीत असे यंत्रांचे रेखाटन शिकून घेतले.

त्या शिक्षणाच्या बळावर त्यांना मुंबईत नव्याने निघालेल्या व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे ज्याला आपण व्ही. जे. टी. आय. म्हणतो तिथे, साहाय्यक शिक्षकाची नोकरी मिळाली. तास संपला की हा शिक्षक संस्थेच्या कर्मशाळेत जाऊन यंत्रे खोलून पाही, पुन्हा जुळवी. परदेशी यांत्रिक मासिके चाळी. शिकवता शिकवता तो स्वतःच विद्यार्थी झाला होता. याच काळात सायकल हे नवे वाहन मुंबईत दिसू लागले. लक्ष्मणरावांनी मुंबईहून सायकली पाठवायच्या आणि रामूअण्णांनी बेळगावात त्या विकायच्या, असा जोडधंदा दोघा भावांनी १८८८ मध्ये सुरू केला. किर्लोस्कर ब्रदर्स हे नाव तेव्हापासूनचे. नुसत्या विक्रीवर ते थांबले नाहीत. सायकल चालवायला शिकवीत आणि बिघडली तर दुरुस्तही करून देत. ज्या गावाने वाहन पाहिलेले नाही तिथे वाहन विकायचे तर ते चालवायची विद्याही आपणच पुरवावी लागते, हा धडा त्यांना फार लवकर मिळाला.

पुढे संस्थेत बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला देण्यात आली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला परतले. त्या काळी मुंबईतली नोकरी सोडून आपल्या मुलखात परतणारा माणूस लोकांना वेडाच वाटला असेल. आमच्याकडेही डोंबिवलीची नोकरी सोडायची भाषा काढली की आई पदर डोळ्यांना लावते.

बेळगावात सायकलींबरोबर लहानसा कारखाना उभा राहिला. लक्ष्मणरावांनी भोवतालच्या शेतकऱ्याकडे पाहिले. बैलापुढे टाकलेल्या अख्ख्या कडब्यातला पुष्कळसा भाग वाया जातो, म्हणून कडबा कापायचे यंत्र त्यांनी केले. लाकडी नांगर जमिनीला वरवर ओरखडतो, म्हणून लोखंडी नांगर केला. हा नांगर निघाला १९०३ च्या सुमारास. पण तो कुणी घेईना. लोखंडाने जमिनीला विष चढते, ती नापीक होते, असा समज रूढ होता. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. या दोन वर्षांबद्दल मी पुष्कळदा विचार करतो. माल तयार, कारखाना तयार, आणि गिऱ्हाईक मान फिरवून निघून जाते. कारखानदाराने शेतकऱ्याला अडाणी म्हणून शिव्या घातल्या असत्या तर नवल नव्हते. पण ज्याचे सारे वर्ष एका पिकावर अवलंबून असते तो नवी वस्तू सहजासहजी जमिनीला लावणार नाही, ही गोष्ट शेतकऱ्याच्या घरात वाढलेल्या मला तरी चूक वाटत नाही. अशा माणसाला पटवायचे तर त्याच्याच शेतात नांगराचे काम दिसावे लागते, आणि त्याला वेळ हा लागतोच.

नांगर खपू लागला, काम वाढू लागले, तोच नवे संकट आले. गावाच्या नव्या वस्तीसाठी कारखान्याची जागा सोडावी, असा हुकूम निघाला. चालता कारखाना उचलून न्यायचा कुठे? या वेळी औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्यांच्या मदतीला आले. औंधला बांधकामाच्या निमित्ताने लक्ष्मणरावांचे जाणे-येणे होते. स्वतः चित्रकार असलेल्या या राजाने या यंत्रवेड्या माणसाची पारख केली होती. त्यांनी संस्थानच्या हद्दीत कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर जमीन देऊ केली, भांडवलासाठी कर्जही दिले. साल होते १९१०.

जमीन दिली खरी, पण ती कशी होती? निवडुंगाने माजलेला उजाड माळ. सापांचा सुळसुळाट. घर नाही, सावली नाही. वीज तर त्या मुलखात कुणी पाहिलेलीच नव्हती. बेळगावसारखे शहर सोडून लक्ष्मणराव तिथे पंचवीसेक कामगार आणि त्यांची कुटुंबे घेऊन आले. या बायामाणसांचे मला मोठे कौतुक वाटते. चरित्रात त्यांची नावे फारशी येत नाहीत. पण लक्ष्मणरावांच्या पत्नी राधाबाई आणि त्या कामगारांच्या घरच्या बाया, यांनी त्या माळावर चुली मांडल्या नसत्या तर भट्टी काही पेटली नसती.

या माळावर आधी निवडुंग तोडला गेला. मग कारखान्याची पडवी आणि राहायची घरे बरोबरीनेच उभी राहू लागली. परदेशातल्या कारखानदारांनी कामगारांसाठी वसवलेल्या टुमदार गावांबद्दल लक्ष्मणरावांनी वाचलेले होते. आपल्या देशात टाटांचे साकची, म्हणजे आजचे जमशेदपूर, नुकतेच आकार घेऊ लागले होते. पण टाटांची गोष्ट वेगळी. त्यांच्यापाशी अफाट भांडवल होते. इकडे एक सायकलवाला, उसन्या पैशांवर, गाव वसवायला निघाला होता. वसाहतीची आखणी आणि कारभार रामूअण्णांनी अंगावर घेतला. जांभेकर, रेगे, फळणीकर अशी जिवाची माणसे भोवती जमली. त्यांतल्या काहींजवळ मोठ्या पदव्या नव्हत्या. फळणीकरांनी तर शाळाही अर्धवट सोडलेली होती, पण यंत्रातली त्यांची सूझ दांडगी. शिक्षा भोगून आलेल्या, समाजाने दरोडेखोर म्हणून दूर लोटलेल्या माणसांना लक्ष्मणरावांनी वसाहतीच्या पहाऱ्यावर नेमले आणि ती माणसे त्या विश्वासाला जागली. अस्पृश्यतेला त्यांनी आपल्या वाडीत थारा दिला नाही. ज्या काळात गावच्या पाणवठ्यावर माणसे माणसाला अडवीत होती त्या काळातली ही गोष्ट आहे, हे आपण ध्यानात घ्यावे. पाणी ही सोय खरी, पण ती सगळ्यांची असेल तरच.

वाडी जरा कुठे स्थिरावते आहे तोच १९१४ मध्ये पहिले महायुद्ध पेटले. परदेशातून येणारे लोखंड दुर्मिळ झाले आणि कोळसाही मिळेना. दगडी कोळशाच्या जागी लोणारी कोळसा वापरून भट्टी चालू ठेवण्यात आली. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी जुन्या निकामी तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर ओतले गेले. तोफेचा नांगर होणे ही कविकल्पना वाटावी, पण ती अडचणीतून काढलेली वाट होती. युद्धामुळे परदेशी मालाचे येणे मंदावले, त्यामुळे देशी मालाला मागणीही आली. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. नांगरापाठोपाठ उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रे, पाण्याचे पंप असा शेतकऱ्याच्या रोजच्या गरजेचा माल वाडीतून बाहेर पडू लागला. पाणी खेचणारा सेंट्रिफ्यूगल पंप तिथे १९२६ मध्ये तयार झाला. आमच्या विहिरीवरच्या पंपाचा खापरपणजोबाच म्हणायचा!

आपण कला शाखेचे विद्यार्थी. म्हणून आणखी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. या नांगराच्या कारखान्यात छापखानाही निघाला. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव यांनी १९२० साली 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. आरंभी ते कारखान्याच्या मालाची माहिती देणारे होते. पुढे त्याचे 'किर्लोस्कर' मासिक झाले आणि १९३० मध्ये 'स्त्री', १९३४ मध्ये 'मनोहर' अशी भावंडे त्याला लाभली. मराठी कथा, निबंध आणि सुधारणेचे विचार एका आडवळणी स्टेशनावरून आगगाडीने महाराष्ट्रभर जाऊ लागले. वाङ्मय पुणे-मुंबईतच पिकते, असे समजणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला यंत्रशास्त्र शिकून १९२६ मध्ये परतले आणि याच वाडीत कामाला लागले. पुढे १९४६ मध्ये पुण्याला ऑइल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या मोटारींचा उद्योग निघाला. लक्ष्मणरावांनी हे सारे डोळ्यांनी पाहिले. २६ सप्टेंबर १९५६ रोजी, वयाच्या ८७ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीला भारत सरकारने त्यांचे टपाल तिकीट काढले. कुंडल रोड या स्टेशनाचे नाव आज किर्लोस्करवाडी असे आहे. सांगली जिल्ह्याच्या पलूस तालुक्यात ते येते.

येथवर चरित्र झाले. आता आमच्या ओटीवरच्या वादाकडे येतो.

सोयी नाहीत तिथे धंदा होत नाही, असे म्हणणाऱ्यांना ३२ एकर निवडुंग दाखवता येईल. घर, पाणी, शाळा यांची वाट पाहत लक्ष्मणराव बसले नाहीत. कारखाना आणि गाव त्यांनी एकाच वेळी उभे केले. पण केवळ जिद्द पुरते, असे सांगणाऱ्या पाहुण्यांनाही याच चरित्रातले पान उलटून दाखवावे लागेल. त्या माळाला लागून रेल्वेचे स्टेशन होते. पुणे-मिरज मार्गावरचे ते स्टेशन नसते तर लोखंड आत आले नसते आणि नांगर बाहेर गेले नसते. रूळ टाकणे कुठल्याही एका माणसाच्या जिद्दीतले नव्हे. जमीन आणि कर्ज देणारा जाणता राज्यकर्ता होता. तोही नसता तर बेळगावचा तो हुकूम आला त्याच दिवशी ही कहाणी संपली असती. म्हणजे काही सोयी माणूस स्वतः उभ्या करू शकतो आणि काही राज्यानेच पुरवाव्या लागतात. लक्ष्मणरावांना हा फरक कळला होता. जे मागायचे ते त्यांनी मागितले, उरलेले हातांनी केले.

आमच्या भागाला तर हा फरक फार जवळून माहीत असायला हवा. १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्यापर्यंत पहिली आगगाडी धावली. ती यावी म्हणून झटणाऱ्यांत अग्रभागी होते नाना शंकरशेट, आणि त्यांचा जन्म मुरबाडचा. पुढच्याच वर्षी गाडी कल्याणला पोहोचली. रुळांच्या कडेने आधी कल्याण, मग डोंबिवली वाढत गेली. मुरबाडला मात्र प्रवाशांची गाडी अजून आलेली नाही. आमच्याच तालुक्यात बारवी धरण आहे. त्याचे पाणी नळांतून खाली उतरते आणि औद्योगिक वसाहती, कल्याण, डोंबिवली, ठाणे यांची तहान भागवते. त्या पाण्याच्या मागोमाग आम्ही मुलेही पहाटेच्या एस. टी.ने खाली उतरतो. कुणाच्या तहानेबद्दल माझी तक्रार नाही. मीही याच शहरात शिकतो आणि मधल्या सुट्टीत तेच पाणी पितो. पण सोयी सगळ्या उताराला लागल्या की माणसेही उताराला लागतात, एवढे खरे.

गेल्या महिन्यात मी दादाला हे चरित्र वाचून दाखवले. दिवसभर थकून आलेला असूनही तो जागा राहिला. सायकलीच्या भागाला हसला. नांगर दोन वर्षे खपला नाही, तिथे त्याने मला पुन्हा वाचायला सांगितले. मग माझ्या वहीचे एक पान फाडून त्याने मध्ये रेघ ओढली. एका बाजूला थ्री फेज, रस्ता, कर्ज हे लिहिले. दुसऱ्या बाजूला जागा, हत्यारे, गिऱ्हाईक, हिशेबाची वही. काकांचा गोठा रिकामाच आहे, त्याला दार बसवले की जागा झाली. मोटर पुन्हा गुंडाळायचे काम हाताने होते, त्याला थ्री फेज लागत नाही. चाचणीपुरती मोटर तेवढी कुठे तरी न्यावी लागेल. हिशेबाची वही त्याने माझ्या नावापुढे लिहिली आहे. कला शाखेच्या विद्यार्थ्याला हिशेब जमेल का, अशी शंका आईने काढली, पण आबा काही बोलले नाहीत. आमच्या घरात आबांचे न बोलणे ही अर्धी संमती असते.

या रविवारपासून गोठ्याचे काम काढले आहे. नोकरी दादाने अजून सोडलेली नाही, सोडू नये असेच मलाही वाटते. रेघेच्या डाव्या बाजूच्या तीन गोष्टींसाठी गावातल्या वीस जणांच्या सह्यांचा नवा अर्ज मी लिहिला आहे. एकट्याचा अर्ज पडून राहतो, वीस जणांचा कदाचित राहणार नाही. सुट्टीत पंपाचेही काम होणार आहे. बरीच वर्षे तो बंद आहे. तो पुन्हा चालू झाला तर वर्कशॉपचे पहिले गिऱ्हाईक आमचे घरच असेल, आणि पैसे मात्र आबा रोख देणार नाहीत, असे दादा आतापासूनच म्हणतो आहे.